केजमार्गे

शिमग्याच्या आदल्या दुपारी
धारूरच्या माळावर सुपारीएवढ्या गारा पडल्या
आणि टॉवरवरची थोरली तबकडी
नखभर कलली.

नखभर म्हणजे किती, ते चाँदपाशाला विचारा.
इथं नखभर कललं
की तिकडं आडसच्या टेकडीवर किरण
अख्खं एक वावर सोडून पडतो.
दहा गिगाबिट, सगळे सीताफळीच्या झाडांवर.
झाडांनी काय करावं त्याचं?

तरी तालुक्यात कुणाला काही कळलं नाही.
राउटरनं आधीच ठरवून ठेवलेलं:
थोरली गेली, तर केजमार्गे.
ती लिंक जुनी, बारीक, लांबच्या वळणाची,
पण गारांना भीक न घालणारी.
तिथं सगळ्यांना एकदम जागा नाही.
आधी बोलणारे, मग पैसे पाठवणारे,
सिनेमावाल्यांनी मागं उभं राहायचं,
गोल चाक बघत.
दवाखान्यातून कुणी घरी सांगत असेल, मुलगी झाली,
तर ते वाक्य केज फिरून गेलं
आणि आईला तेवढ्याच वेळात पोचलं.

मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

पहिलीपासून 'प' माझ्या ओठांवर बंद पडतो.
बाईंकडं पाणी मागायचं तर मी म्हणायचो, तहान लागली.
पुस्तक विसरलं तर, दप्तरात नाही.
पाटोद्याचे मामा आले की, आईचे भाऊ आले.
अडणारा शब्द दोन शब्द आधी दिसतो,
तिथूनच वळायचं,
ऐकणाऱ्याला गचका बसू द्यायचा नाही.
गल्लीत म्हणायचे, पोरगं लई फिरवून बोलतंय.

एका जागी मात्र दुसरी वाटच नव्हती.
माझं नाव प्रल्हाद.

लातूरच्या कंट्रोल रूममध्ये नवीन पोरं बसली
की माझा फोन कट होतो.
त्यांना वाटतं, लाइन मेली.

चाळीस मीटरवर पट्ट्याला टांगून
मी बोल्ट पाव फेरा सैल केला, मग अर्ध्याचा पाव.
खालून चाँदपाशा आकडे ओरडत होता:
उणे बासष्ट. उणे अठ्ठावन्न. आरं मागं, मागं!
उणे त्रेचाळीस.
लिंक आली.
गेली.
पुन्हा आली.

येते म्हटल्यावर सगळी रहदारी तिच्यावर धावते
आणि ती गेली की सगळी मिळून आपटते.
पडलेल्या लिंकपेक्षा
धड पडतही नाही अशी लिंक वाईट.
म्हणून सत्यशीला मॅडमनी मुदत घातलेली आहे:
सलग दहा मिनिटं उभी राहिली तरच वळवायचं.
आल्या आल्या पाटावर बसवायचं नाही कुणाला.

दहा मिनिटं मी वरच थांबलो.
कॉलरमधून एक गार पाठीवर विरघळत गेली.
घाटाकडं ऊन पडलं होतं.
खाली दोन पोरी वहीच्या पुठ्ठ्यावर गारा गोळा करत होत्या,
चाँदपाशा त्यांना सांगत होता, खाऊ नका गं,
आणि स्वतः एक तोंडात टाकत होता.

"वळवते," मॅडम म्हणाल्या.

काहीच दिसलं नाही.
आमच्या कामात चांगलं झालं की असंच दिसतं.

"नोंद करायचीय. वर कोण होतं?"

त्यांना माहीत होतं. सहा वर्षं माहीत आहे.
पण नोंद म्हणजे नोंद,
आणि दुसऱ्याच्या तोंडातला शब्द
ओढून काढायची सवय त्यांना नाही.

मी ओठ मिटले.
प—

तिकडं मागं दुसरा फोन वाजायला लागला होता.
त्यांनी तो वाजू दिला.